तारण गमावतां येतें काय?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, एके सायंकाळीं, वसतिगृहांतील प्रार्थना आटोपून मी घरीं निघालों असतां इयत्ता नववीचा एक विद्यार्थी माझ्यामागून फाटकापर्यंत आला. बराच वेळ तो कांहींच बोलेना. अखेरीस त्यानें विचारिलें, "सर, एकदां तारण पावलेल्या माणसाचें तारण पुन्हां जातें काय?"

हा प्रश्न पुस्तकी नव्हता, हें मला त्याच्या पुढच्या बोलण्यावरून कळलें. त्याचा थोरला भाऊ कांहीं महिन्यांपूर्वीं अपघातांत वारला होता. हा भाऊ लहानपणीं मोठा भाविक. मंडळींत गीतें म्हणे, शब्बाथ शाळेंत लहान मुलांस शिकवी. पुढें नोकरीनिमित्त तो शहरांत गेला; उपासनेस जाणें सुटलें, दारूचें व्यसन जडलें, आणि त्याच स्थितींत त्याचा अंत झाला. वसतिगृहांत ही गोष्ट निघाली तेव्हां वसईकडील एका रोमन कॅथलिक सोबत्यानें, मनांत कांहीं वाईट नसतां, विचारिलें कीं, शेवटीं त्यांना पापस्वीकार करावयास सांपडला होता काय? "नाहीं" असें उत्तर येतांच तो गप्प बसला, आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ सर्वांस कळला. तेव्हां प्रॉटेस्टंट घराण्यांतील दुसरा एक सोबती म्हणाला, "जो खरोखर तारलेला असतो तो असा पडत नाहीं. तुझा भाऊ मुळांत तारलेलाच नसावा." अशा रीतीनें एकानें त्या भावाचें तारण शेवटच्या दिवशीं हिरावून घेतलें, व दुसऱ्यानें तें पहिल्या दिवसापासूनच पुसून टाकिलें.

मीं त्या मुलास काय उत्तर दिलें? इतिहासाच्या तासाला द्यावें तसें. ट्रेंटची परिषद, दोर्तची परिषद, त्यांचे सन, त्यांचे ठराव. त्यानें सर्व ऐकून घेतलें, "बरें, सर," म्हणाला आणि गेला. वीस वर्षांच्या अध्यापनांत इतकें बरोबर आणि इतकें निरुपयोगी उत्तर मीं क्वचितच दिलें असेल. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती होय.

आपल्या शाळेंत सर्व धर्मांच्या घरांतील मुलें आहेत, आणि त्यांच्या पालकांस हा ख्रिस्ती मंडळींतला अंतर्गत वाद परका वाटणें साहजिक आहे. परंतु आपण चुकल्यावर आपणांस पुन्हां जवळ केलें जाईल काय, आणि तें आपल्या लायकीवर अवलंबून आहे कीं दुसऱ्याच्या प्रीतीवर, हा प्रश्न कोणत्याही घराला परका नाहीं. तेव्हां त्यांनींही हा लेख वाचावा, अशी माझी विनंति आहे.

वादाचें मूळ एका क्रियापदांत आहे. मनुष्य विश्वासाच्या द्वारें नीतिमान ठरतो, अशी शिकवण पौल प्रेषितानें रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत दिली आहे. ठरविणें हा न्यायालयांतला शब्द होय. न्यायाधीश आरोपीस निर्दोष ठरवितो तेव्हां तो त्याचा स्वभाव पालटीत नाहीं. त्याच्यावरील आरोप काढून टाकितो. मूळ ग्रीक क्रियापदाचा रोंख असाच आहे. परंतु पश्चिमेकडील मंडळी हजार वर्षें शास्त्र लॅटिन भाषेंत वाचीत आली, आणि त्या लॅटिन शब्दाची फोड 'नीतिमान करणें' अशी होते. करणें हें वैद्याचें काम आहे. वैद्य रोग्यास नुसता बरा ठरवीत नाहीं. त्याला बरा करितो. देव पाप्याला प्रथम न्यायाधीशासारखा भेटतो कीं वैद्यासारखा, या एका प्रश्नांत पुढील पांचशें वर्षांच्या वादाचें बीज आहे.

मार्टिन लूथर (१४८३-१५४६) हा विटेनबर्ग येथील विद्यापीठांत शास्त्र शिकविणारा संन्यासी होता. वारंवार पापस्वीकार करूनही त्याच्या मनास शांति मिळेना. कारण आपला पश्चात्ताप पुरेसा झाला कीं नाहीं, याचा त्यास कधींच निर्णय होईना. पौलाच्या पत्रांचा अभ्यास करितां करितां त्याची अशी खात्री झाली कीं, मनुष्य स्वतःच्या नीतिमत्त्वानें नव्हे तर ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वामुळें देवापुढें निर्दोष गणला जातो, आणि हें दान हात पसरून घ्यावयाचें, म्हणजे विश्वासानें स्वीकारावयाचें असतें. १५२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या जर्मन नव्या करारांत रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत त्यानें 'केवळ' हा शब्द घातला. तो मूळ ग्रीकांत नाहीं, असा आक्षेप आला तेव्हां त्यानें १५३० सालीं उत्तर दिलें कीं, अर्थ उघड करण्यास जर्मन भाषेला तो शब्द लागतोच. विरुद्ध पक्षानें याकोबाच्या पत्राकडे बोट दाखविलें. 'केवळ विश्वास' असा जोडशब्द नव्या करारांत तेथेंच काय तो आढळतो, आणि तेथें तो नाकारण्यासाठींच आला आहे.

यावर रोमन मंडळीनें आपलें म्हणणें ट्रेंट येथील परिषदेंत १३ जानेवारी १५४७ रोजीं सोळा अध्याय आणि तेहतीस नियम यांत मांडिलें. आम्हां प्रॉटेस्टंटांच्या घरीं लहानपणापासून असें सांगितलें जातें कीं, कॅथलिक लोक सत्कर्मांनीं स्वर्ग विकत घेऊं पाहतात. मीही तसेंच ऐकत वाढलों. पुढें पदवीच्या अभ्यासानंतर मीं तो ठराव प्रत्यक्ष वाचला तेव्हां मला लाज वाटली. त्यांतील पहिलाच नियम असा आहे कीं, ख्रिस्ताच्या द्वारें मिळणाऱ्या कृपेवांचून मनुष्य आपल्या कर्मांनीं नीतिमान ठरूं शकतो असें जो म्हणेल तो शापित असो. नीतिमान ठरण्यापूर्वीं केलेल्या कोणत्याही गोष्टीनें, मग तो विश्वास असो वा कर्म असो, मनुष्य त्या कृपेस पात्र होत नाहीं, असेंही तेथें स्पष्ट म्हटलें आहे. उलट बाजूस, प्रॉटेस्टंट म्हणजे 'विश्वास ठेवा आणि वाटेल तें करा' असें म्हणणारे, ही कांहीं कॅथलिक घरांतील समजूतही तितकीच खोटी आहे. लूथर व कॅल्व्हिन या दोघांच्याही मतें खऱ्या विश्वासाला सत्कर्मांचें फळ येणारच. आंब्याला आंबा लागतो म्हणून तें झाड आंब्याचें होत नाहीं. तें आंब्याचें आहे म्हणून त्यास आंबा लागतो. मात्र वर्षामागून वर्ष फळच न आलें, तर झाडाच्या जातीविषयीं शंका घेण्यास जागा होते.

मग खरा भेद कोठें राहतो? तो असा. ट्रेंटच्या मतें देव मनुष्याला नीतिमान ठरवितो, म्हणजे त्याच्या अंतःकरणांत विश्वास, आशा व प्रीति ओततो. हें नीतिमत्त्व सत्कर्मांनीं वाढतें, आणि प्राणघातक पापानें नाहींसें होतें. विश्वास उरला तरी कृपा जाते. ती गेल्यास प्रायश्चित्ताच्या संस्कारानें पुन्हां मिळते. आपण शेवटपर्यंत टिकूंच, अशी पक्की खात्री देवाच्या विशेष प्रकटीकरणावांचून कोणीही बाळगूं नये. प्रॉटेस्टंट मतें जें नीतिमत्त्व देवापुढें उभें राहतें तें ख्रिस्ताचें आहे, आणि तें कमी-जास्त होत नाहीं. वाढते ती आपली पवित्रता, आणि ती निराळी गोष्ट होय.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, 'तारण जातें' हें कॅथलिक मत आणि 'जात नाहीं' हें प्रॉटेस्टंट मत. वस्तुस्थिति तशी नाहीं. लूथरच्या अनुयायांनीं १५३० सालीं आउग्सबुर्ग येथें सादर केलेल्या विश्वासपत्रांत, एकदां नीतिमान ठरलेला मनुष्य पवित्र आत्म्यास गमावूं शकत नाहीं असें म्हणणाऱ्यांचा निषेध केला आहे. तारण गमावतां येत नाहीं हें मत कॅल्व्हिनच्या परंपरेचें. त्यांतही १६१० सालीं हॉलंडांत आर्मिनियसच्या अनुयायांनीं तो मुद्दा अधिक अभ्यासासाठीं मोकळा ठेवावा असें सुचविलें, व दोर्त येथील परिषदेनें १६१८-१९ सालीं तें न मानतां, देव आपल्या निवडलेल्यांस अखेरपर्यंत राखतो असें ठरविलें. जॉन वेस्ली याची गोष्ट तर मोठी बोधप्रद आहे. २४ मे १७३८ रोजीं लंडनमध्यें लूथरनें रोमकरांस पत्रास लिहिलेली प्रस्तावना ऐकत असतां त्यास आपल्या तारणाची खात्री पटली. तरीही विश्वासी मनुष्य कृपेपासून ढळूं शकतो, असें तो पुढें जन्मभर शिकवीत राहिला. शास्त्रांतही दोन्ही सूर आहेत. योहानाच्या दहाव्या अध्यायांतील मेंढपाळाच्या हातून कोणी मेंढरूं हिसकून घेऊं शकत नाहीं. आणि इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायांत, प्रकाश मिळाल्यानंतर जे पतित झाले त्यांस दिलेला इशारा वाचून अंगावर कांटा येतो.

आपल्या महाराष्ट्रांत ह्या सर्व परंपरा शेजारीं शेजारीं राहिल्या आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरांत उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली, तेव्हां जे पंथ तींत एकत्र आले त्यांत प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल होते, तसेच वेस्लीच्या परंपरेंतले मेथॉडिस्टही होते. म्हणजे तारण जात नाहीं म्हणणारे आणि जाऊं शकतें म्हणणारे तेव्हांपासून एकाच मेजावरून प्रभुभोजन घेत आले आहेत. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळण्यास मध्यें कित्येक वर्षें जावीं लागलीं. अशा माणसाचें तारण कोणत्या तारखेस झालें असें म्हणावें? मंडळीच्या दप्तरांतील तारखेस, कीं अंतःकरणांतील? देवाचा हिशेब आपल्या वहींत बसत नाहीं, हें यावरून दिसेल.

आपल्या देशांतील भक्तिमार्गांत दोन न्याय प्रसिद्ध आहेत. माकडाचें पिलूं आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगून राहतें. मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्याला तोंडांत धरून नेते. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांच्या वडकलै व तेंकलै या दोन शाखांत याच दृष्टांतांवरून वाद झाला. ख्रिस्ती मंडळींतील वाद अगदीं असाच आहे असें मी म्हणत नाहीं. कारण माकडाच्या पिलाच्या हातांत बळ येतें तेंही आईच्या दुधानें, असें ट्रेंटचे धर्मगुरु म्हणाले असते, आणि आईनें धरलेलें पिलूं हातपाय हालवितेंच, असें कॅल्व्हिन म्हणाला असता. पण दोन्ही पक्षांस कशाची भीति वाटते, हें या दृष्टांतावरून ध्यानीं येतें. एकास भीति वाटते बेफिकिरीची, कीं मांजरीच्या भरंवशावर पिलूं आळशी होईल. दुसऱ्यास भीति वाटते निराशेची, कीं पिलाच्या चिमुकल्या हातांवर सर्व भार पडेल. दोन्ही भीति खऱ्या आहेत. शिक्षक या नात्यानें मीं दोन्ही प्रकारचीं मुलें पाहिलीं आहेत. एक, 'सर मला नापास करणारच नाहींत' म्हणून अभ्यास न करणारें. दुसरें, 'माझ्यानें होणारच नाहीं' म्हणून न करणारें. दोघांस एकच औषध देणारा शिक्षक दोघांचेंही नुकसान करितो.

हा वाद मिटावा म्हणून प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. १५४१ सालीं रेगेन्सबुर्ग येथें दोन्ही पक्षांच्या पंडितांचें या एका कलमावर एकमत झालेंही होतें. परंतु तें ना लूथरास रुचलें, ना रोमला. पुढें साडेचारशें वर्षांनीं, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं, आउग्सबुर्ग येथें रोमन कॅथलिक मंडळी व जागतिक लूथरन संघ यांनीं संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मनुष्य आपल्या गुणांमुळें नव्हे तर केवळ कृपेनें, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासानें देवास मान्य होतो, आणि त्यास मिळालेला पवित्र आत्मा त्यास सत्कर्मांकरितां सिद्ध करितो, हें दोघांनीं मिळून कबूल केलें. सोळाव्या शतकांतील शाप त्या घोषणेंत मांडलेल्या शिकवणीस लागू नाहींत, असेंही ठरलें. २००६ सालीं मेथॉडिस्टांच्या जागतिक परिषदेनें व २०१७ सालीं कॅल्व्हिनच्या परंपरेंतील मंडळ्यांच्या जागतिक संघानें त्यास पाठिंबा दिला. सर्व भेद मिटले असें मात्र नव्हे. कृपा गमावण्याविषयींचा व सत्कर्मांच्या मोलाविषयींचा भेद अद्याप आहे, आणि तो नाहीं असें भासविणें हा प्रामाणिकपणा होणार नाहीं.

माझें स्वतःचें मत मी लपवीत नाहीं. मी प्रॉटेस्टंट आहें, आणि माझा भरंवसा माझ्या पकडीवर नसून मला धरणाऱ्या हातावर आहे. परंतु शास्त्रांतील इशारे खोटे आहेत असें मी मानीत नाहीं. घाटांतल्या वळणावर लावलेली 'सावकाश जा' ही पाटी मोटार दरींत पडणारच असें सांगत नाहीं. मोटार पडूं नये म्हणूनच ती लावलेली असते. देव आपल्या लोकांस राखतो तो बहुधा अशा पाट्यांच्या द्वारेंच राखतो.

परंतु या लेखांत मला आग्रहानें सांगावयाचें आहे तें याहून निराळें आहे. तें हें कीं, तारण गमावतां येतें काय हा प्रश्न प्रथम पुरुषींच विचारावा. तृतीय पुरुषीं कधींही विचारूं नये. 'माझें तारण जाईल काय' असें जो विचारितो त्यास इशाराही उपयोगी पडतो आणि आश्वासनही. 'त्याचें तारण गेलें काय' असें जो विचारितो तो न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसतो, आणि ती खुर्ची रिकामी नाहीं.

त्या दोन सोबत्यांकडेच पाहा. दोघेही आपापल्या मंडळीच्या नांवानें बोलले, आणि दोघांच्याही मंडळीनें त्यांस असें बोलावयास शिकविलें नव्हतें. ट्रेंटच्याच परिषदेनें १५५१ सालीं असें मान्य केलें आहे कीं, देवावरील प्रीतीनें झालेला परिपूर्ण पश्चात्ताप, संस्काराची इच्छा मनांत असल्यास, प्रत्यक्ष पापस्वीकार घडण्यापूर्वींच मनुष्याचा देवाशीं समेट करितो. अमुक एक मनुष्य नरकांत आहे असें रोमन मंडळीनें कोणाविषयींही आजवर जाहीर केलेलें नाहीं. उलट ती मृतांसाठीं प्रार्थना करिते. इकडे दोर्तच्या परिषदेनेंही दावीद व पेत्र यांचीं नांवें घेऊन सांगितलें आहे कीं, खरे विश्वासीसुद्धां घोर पापांत पडतात, आणि तरीही देव आपला आत्मा त्यांच्यापासून सर्वस्वीं काढून घेत नाहीं. तेव्हां 'पडला, म्हणून तारलेला नव्हता' हा निर्णय त्या सोबत्याच्या मंडळीच्याच शिकवणीस सोडून आहे. शेवटच्या घटकेस मनुष्याच्या अंतःकरणांत काय झालें हें एक सांगूं शकत नाहीं, आणि दुसराही नाहीं.

उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत दोन्ही पक्षांस आपापलें मत सांपडतें. एक म्हणतो, तो दूर देशीं असतां खरोखर मेलेला होता. बापच तसें म्हणतो. दुसरा म्हणतो, डुकरांमागें हिंडत असतांही तो पुत्रच होता. त्या घराशिवाय त्याला दुसरें घर नव्हतें. हा वाद विद्वानांनीं अवश्य करावा. परंतु त्या दृष्टांतांत आणखी एक पात्र आहे. थोरला भाऊ दाराबाहेर उभा राहून धाकट्याच्या पापांचा हिशेब मांडीत आहे. तो कोणतीही खोटी गोष्ट सांगत नाहीं. त्याचा हिशेब अगदीं बरोबर आहे. फक्त घरांत मेजवानी चालली आहे आणि तो बाहेर आहे.

सहामाही परीक्षेनंतर मीं त्या विद्यार्थ्यास पुन्हां बोलाविलें. मीं त्यास सांगितलें कीं, "तुझ्या दादाविषयीं मला ठाऊक नाहीं, आणि ज्यांनीं तुला निकाल सांगितला त्यांसही ठाऊक नाहीं. पण ज्याच्या हातीं तो गेला तो कसा आहे हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याबद्दल रोमन मंडळीचा आणि आमचा कधींच वाद नव्हता." त्यानें विचारिलें, "मग मी त्याच्यासाठीं प्रार्थना करूं काय?" मृतांसाठीं प्रार्थना करण्याची आमच्या मंडळींत चाल नाहीं, हें त्याला ठाऊक होतें आणि मलाही. मीं म्हटलें, "तुझ्या मनांत जें आहे तें देवाला सांग. तो तें ऐकेल." उत्तर शास्त्रशुद्ध होतें कीं नाहीं याचा विचार पंडितांनीं करावा. तो मुलगा मात्र या वेळीं "बरें, सर," म्हणून लगेच गेला नाहीं. बराच वेळ माझ्याजवळ बसून दादाच्या गोष्टी सांगत राहिला.

पालकांस एवढीच विनंति आहे कीं, आपल्या मुलांस आपल्या मंडळीचें मत अवश्य शिकवावें, आणि दुसऱ्या मंडळीचें मत शिकवावयाचें झाल्यास तें तिच्याच तोंडून ऐकून शिकवावें. आणि विद्यार्थी मित्रहो, सोबत्याच्या घरीं दुःख झालें असतां त्याच्या मृताच्या तारणाचा हिशेब करूं नका. त्याच्याजवळ जाऊन बसा.